शेवाळ-स्क्रबरच्या जाळीवरचे शेवाळ दर दोन आठवड्यांनी सुटते: कारण कसे शोधावे

मुंबईत माहीमच्या आमच्या घरात ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. स्टँडखालच्या दुय्यम टाकीसह, म्हणजे सम्पसह, तिच्यात साधारण २०० लिटर पाणी फिरत असते. क्लाउनफिशची एक जोडी, दोन डॅमसेल, एक गोबी, थोडे मऊ प्रवाळ आणि बऱ्यापैकी जिवंत दगड (सूक्ष्मजीवांची वस्ती असलेले प्रवाळखडकाचे तुकडे) एवढा तिचा संसार आहे. पाणी बदलूनही नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली येईना, म्हणून मी घरीच शेवाळ-स्क्रबर, म्हणजे जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून त्याच्याकरवी पाणी स्वच्छ करणारी रचना, बनवला. आडव्या पीव्हीसी पाइपला खालून चीर पाडली, तीत प्लास्टिकची जाळी उभी अडकवली, दोन्ही बाजूंना लाल एलईडी लावले आणि सम्पमधल्या पंपाचे पाणी त्या जाळीवरून पडद्यासारखे खाली सोडले.

पहिल्या सहा आठवड्यांत जाळीने हिरवे शेवाळ धरले आणि नायट्रेट ५ पर्यंत उतरले. त्यानंतर मात्र एक चक्र सुरू झाले. खरवडल्यानंतर आठ-नऊ दिवस शेवाळ दाट आणि गवतासारखे हिरवे वाढे. अकराव्या-बाराव्या दिवशी त्याची ठिगळे जाळीवरून घसरू लागत. तेराव्या दिवशी सकाळी सम्पमध्ये पिवळट-हिरवे लगदे तरंगताना दिसत, टाकीचे पाणी फिकट चहासारखे पिवळे होई आणि चार-पाच दिवसांत नायट्रेट पुन्हा १० ते १५ वर जाई. जाळी धुऊन लावली की सगळे सुरळीत होई आणि पुढच्या पंधरवड्यात तेच पुन्हा घडे. असे सलग पाच वेळा झाले (पाचव्या वेळेचे कारण थोडे निराळे होते, ते पुढे येईल). घरगुती स्क्रबर वापरणाऱ्या अनेकांची हीच तक्रार असते आणि त्यातले बरेच जण याच टप्प्यावर कंटाळून स्क्रबर काढून टाकतात, म्हणून कारण शोधण्याची पद्धत इथे सविस्तर लिहीत आहे.

ही अडचण केवळ घाणीची नाही, हे आधी नीट लक्षात घ्यावे. माशांच्या खाद्यातून आलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळ स्वतःच्या शरीरात साठवते, आणि आपण ते शेवाळ खरवडून टाकीबाहेर काढतो तेव्हाच ती द्रव्ये खऱ्या अर्थाने पाण्यातून जातात. शेवाळ जाळीवरच मेले किंवा सुटून सम्पमध्ये कुजले, तर दहा दिवसांची कमाई दोन दिवसांत पाण्याला परत मिळते. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी ही कल्पना प्रवाळखडकांवरच्या आखूड शेवाळाच्या अभ्यासातून विकसित केली आणि १९८२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यांच्या मूळ रचनेत पाणी उलटणाऱ्या बादलीतून लाटेसारखे उथळ जाळीवर येत असे. आपण घरी करतो ती उभ्या धबधब्याची पद्धत शौकिनांनी नंतर रूढ केलेली आहे. लाट असो वा धबधबा, शेवाळ सतत ओले राहणे, त्यावरून पाणी वेगाने वाहणे आणि वेळोवेळी कापणी होणे या तीन गोष्टी दोन्हींत सारख्याच लागतात. शेवाळ सुटते तेव्हा बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एक तरी बिघडलेली असते.

पहिल्या तीन वेळा मी जे केले ते चुकीचे होते. एकदा दिव्यांचे तास वाढवले, एकदा पंप बदलला, एकदा दोन्ही एकदम केले आणि वर मासळीचे खाद्यही कमी केले. पुढचे आठ दिवस बरे गेले की उपाय लागू पडला असे वाटे. वस्तुतः धुतलेली कोणतीही जाळी आठ दिवस बरी चालतेच. चौथ्या वेळेपासून मी काहीही न बदलता फक्त पाहायचे ठरवले, दहाव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर जाळीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि वहीत तारीख घालून नोंदी ठेवल्या. त्या फोटोंमुळे उलगडा झाला. शेवाळ नेमके कुठून सुटते, यावरून ते का सुटते हे जवळजवळ सांगता येते.

शेवाळ कुठून सुटते

जाळीच्या वरच्या भागात, चिरेच्या लगेच खाली, उभे पट्टे पडून शेवाळ सुटत असेल तर पाण्याचा पडदा तिथे फाटलेला आहे. कडांवरून सुटत असेल तर प्रवाह कमी आहे, कारण प्रवाह घटला की पाणी जाळीच्या मध्याकडे आकसते आणि कडा आधी कोरड्या पडतात. मधल्या, सर्वांत दाट भागातून गालिचासारखा जाड थर मुळासकट सोलून निघत असेल आणि त्याची जाळीकडची बाजू पिवळी किंवा पांढुरकी असेल, तर बुडाशी उजेड पोहोचत नाही आणि कापणीला उशीर झालेला आहे. नव्या जाळीवरून पहिल्या महिन्यात सगळेच हलक्या हाताने निघून येत असेल तर जाळी पुरेशी खरखरीत नाही. आणि एका रात्रीत संपूर्ण जाळी दोन्ही बाजूंनी पांढरी पडली, तर स्क्रबरकडे न बघता आधी आपण पाण्यात काय घातले ते आठवावे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे तांबेयुक्त औषध शेवाळालाही मारते. प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या टाकीत ते घालायचेच नसते. अशा माशांवर वेगळ्या टाकीत उपचार करावेत. याच कारणासाठी स्क्रबरच्या जोडणीत पितळी किंवा तांब्याचा कोणताही भाग वापरू नये, सगळे पीव्हीसी आणि नायलॉनचेच असावे.

माझ्या फोटोंत दोन खुणा एकत्र दिसत होत्या. दहाव्या दिवशी वरच्या डाव्या बाजूला एक बोटभर रुंद उभा पट्टा फिका पडला, अकराव्या दिवशी उजवी कड सुकली आणि मधला जाड थर त्यानंतर बाराव्या दिवशी घसरला. क्रम महत्त्वाचा होता. मी आजवर मधल्या थराला दोष देत होतो, पण सुरुवात पाण्यापासून होत होती.

पाणी: बादली आणि घड्याळ

या प्रकारच्या स्क्रबरसाठी सर्वत्र पाळला जाणारा हिशेब असा आहे की जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे १३० लिटर पाणी हवे. माझी जाळी ४ इंच रुंद आहे, म्हणजे ताशी ५२० ते ५३० लिटर. माझ्या पंपाच्या खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेले होते आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी प्रवाहाचा विषय मनातून काढून टाकला होता. खोक्यावरचा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवायचे नसते तेव्हाचा असतो. सम्पपासून स्क्रबरच्या पाइपपर्यंत एक मीटरची चढण, दोन एल्बो (काटकोनी जोड) आणि अरुंद नळी आली की त्यातले निम्मे पाणी मिळाले तरी समाधान मानावे.

मोजण्याची रीत अगदी साधी आहे. जाळी काढून ठेवावी, चिरेखाली स्वच्छ ५ लिटरचा डबा धरावा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजावे. ताशी ५३० लिटर हवे असतील तर ५ लिटरला ३४ सेकंद लागले पाहिजेत. या वेळी सम्पमधले पाणी तेवढे कमी होते, म्हणून पंप उघडा पडणार नाही याची काळजी घ्यावी. मी हे मोजमाप जाळी धुतल्याच्या दिवशी केले तेव्हा ३५ सेकंद आले, म्हणजे उत्तम. तेच अकराव्या दिवशी केले तेव्हा ६१ सेकंद आले, म्हणजे ताशी जेमतेम ३०० लिटर. माझी चूक एवढीच होती की प्रवाह आधी फक्त धुतल्याच्या दिवशी तपासला होता, जेव्हा तो नेहमी चांगलाच असतो. पुनःपुन्हा येणाऱ्या बिघाडात मोजमाप बिघाडाच्या आदल्या दिवशी घ्यावे. दुरुस्तीच्या दिवशीचे मोजमाप आपल्याला खोटा दिलासा देते.

प्रवाह दहा दिवसांत निम्मा का होतो, याची दोन कारणे सापडली आणि ती एकमेकांना खतपाणी घालणारी होती. पहिले कारण पंपाच्या तोंडाशी होते. जाळीवरून रोज थोडे बारीक तंतू सुटतातच. ते सम्पमध्ये पडून पंपाच्या गाळणीवर गोळा होत होते, त्यामुळे प्रवाह घटत होता, घटलेल्या प्रवाहामुळे कडा सुकत होत्या आणि सुकलेल्या कडांवरून आणखी तंतू सुटून पंपाकडेच येत होते. मी जाळी धुताना पंपही हलवत असे, त्यामुळे गाळणीवरचा गुंता तेवढ्यापुरता झटकला जाई आणि कारण माझ्या हातूनच पुसले जाई. दुसरे कारण चिरेत होते. दिव्यांचा उजेड पाइपवरही पडत होता आणि चिरेच्या आत, पाण्याच्या अगदी मुखाशी, शेवाळ वाढत होते. ३ मिलिमीटरच्या चिरेत शेवाळाचा एक झुपका बसला की त्याच्या खालचा पडदा फाटतो आणि उभा पट्टा कोरडा पडतो. डाव्या बाजूचा बोटभर पट्टा तो हाच.

पंपासाठी मी उरलेल्या जाळीचाच एक चौकोनी पिंजरा शिवला आणि पंप त्यात ठेवला. पंपाच्या मूळ गाळणीचे क्षेत्रफळ आगपेटीएवढे असते. पिंजऱ्याचे त्याच्या कितीतरी पट असल्याने चार तंतू अडकले तरी पाणी दुसरीकडून येत राहते. स्पंज लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण स्पंज स्वतःच चार दिवसांत गच्च होतो, म्हणून मला तो पटत नाही. त्याचबरोबर स्क्रबरचे पाणी मी सम्पच्या पहिल्या कप्प्यात पाडू लागलो आणि पंप शेवटच्या कप्प्यात हलवला. मधल्या काचेच्या आडव्या पट्ट्यांमुळे सुटलेले तंतू वाटेतच थांबतात आणि ते चिमट्याने उचलता येतात.

चिरेसाठी उपाय काळोखाचा. पाइपच्या दोन्ही बाजूंनी काळ्या अपारदर्शक प्लास्टिकची अर्धा इंच खाली उतरणारी पट्टी नायलॉनच्या केबल टायने बांधली, म्हणजे पाइप आणि चीर सावलीत राहते आणि उजेड फक्त जाळीवर पडतो. ही पट्टी बसवल्यानंतर चिरेतले शेवाळ जवळजवळ बंद झाले. शिवाय पाइपच्या टोकाची एंड कॅप मी सोल्युशन लावून कायमची चिकटवलेली होती, ती कापून टाकली आणि नवी नुसती दाबून बसवली. आता ती काढून पाइपच्या आतून टूथब्रश फिरवता येतो. नव्याने बनवणाऱ्यांनी ही कॅप मुळीच चिकटवू नये. चीर कापताना ती जाळीच्या रुंदीएवढीच ठेवावी. लांब झाली तर टोकांतून पाणी जाळीला न शिवता उडते आणि मिठाचे शिंतोडे सगळीकडे बसतात.

उजेड आणि कापणी

पाणी सुधारल्यावर पट्टे पडणे आणि कडा सुकणे थांबले, पण मधला थर पंधराव्या दिवसाच्या सुमारास तरीही घसरला. हे दुसरे, वेगळे कारण होते.

शेवाळाचा थर वाढतो तसा वरचा भाग खालच्या भागावर सावली धरतो. जाळीला चिकटलेला बुडखा अंधारात गेला की मरतो, त्याची पकड सुटते आणि वरचे निरोगी, हिरवे शेवाळ स्वतःच्याच वजनाने पाण्यासकट खाली येते. म्हणून वरून हिरवेगार दिसणारी जाळी सुरक्षित आहे असे समजू नये. बोटाने थर बाजूला करून बुडख्याचा रंग पाहावा. तो हिरवा असेल तर वेळ आहे, फिका पिवळा असेल तर त्याच दिवशी खरवडावे. माझ्या टाकीत हा रंग नवव्या दिवशी बदलतो. मी कापणी दर रविवारी, म्हणजे सात दिवसांनी ठरवून टाकली आणि जाळी जास्त भरलेली दिसावी म्हणून थांबण्याचा मोह सोडला. जाड थर दिसायला समाधानकारक असतो, पण शेवाळ जोमाने वाढते ते पातळ थरात, कारण त्यातल्या प्रत्येक तंतूला उजेड आणि वाहते पाणी मिळते.

खरवडताना जाळी पाइपसह काढून मोरीत न्यावी, नळाच्या साध्या पाण्याखाली धरावी आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने किंवा नखांनी वरचा थर काढावा. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे सूक्ष्म कवचधारी जीव धुतले जातात. शेवाळाला मात्र तेवढ्या वेळाने काही होत नाही. घासणीने किंवा तारेच्या ब्रशने जाळी लख्ख करू नये. छिद्रांत हिरवी झाक राहिली पाहिजे, तिच्यातूनच दोन दिवसांत नवी वाढ सुरू होते. माझ्याकडे दर रविवारी पिळून काढलेले शेवाळ ५० ते ७० ग्रॅम भरते. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी आहे, कारण वाढ मंदावल्याची खबर पाण्याच्या चाचणीच्या आधी वजनातून मिळते.

दिव्यांबद्दल थोडे. हरितद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल उजेड चांगला शोषते, म्हणून एलईडी घेताना नुसता ‘लाल’ न मागता हा आकडा सांगून मागावा. लॅमिंग्टन रोडवर ३ वॅटचे असे एलईडी, हीटसिंक (त्यांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि ड्रायव्हर (त्यांना योग्य वीज पुरवणारे उपकरण) सुटे मिळतात. पण ६२० ते ६३० चा लाल डोळ्याला जास्त प्रखर दिसत असल्याने पुष्कळदा तोच चांगला म्हणून हातात ठेवला जातो. ६६० चा उजेड डोळ्याला मंद वाटतो. त्यावरून तो कमकुवत आहे असे समजू नये. माझ्या ४ × ६ इंच जाळीला प्रत्येक बाजूने सहा एलईडी, दोन इंचांवरून, पुरेसे होतात. चालू जाळीला दिवसाचे १८ तास उजेड आणि ६ तास काळोख द्यावा, पण कोऱ्या पांढऱ्या जाळीवर सुरुवातीलाच एवढा उजेड टाकला तर पिवळसर, रबरासारखी चिवट वाढ येते किंवा काहीच धरत नाही. पहिले दोन-तीन आठवडे ९ ते १० तासच पुरे. याउलट काळपट तपकिरी, तेलकट थर येत असेल तर पाण्यात द्रव्ये जास्त आणि उजेड कमी आहे. अशा वेळी दर आठवड्याला तो पुसून काढावा आणि दिव्यांचे तास हळूहळू वाढवावेत. नायट्रेट उतरत गेले की रंग आपोआप हिरव्याकडे वळतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. दिव्यांपुढे मी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी लावली आहे. तिच्यावर शिंतोड्यांतल्या मिठाचा पांढरा थर दोन आठवड्यांत इतका साचतो की उजेड स्पष्टपणे कमी होतो. आता जाळी खरवडतानाच ती पट्टीही ओल्या फडक्याने पुसतो.

जाळीचा आकार

जाळी टाकीच्या लिटरांवरून ठरवू नये, खाद्यावरून ठरवावी. रोज गोठवलेल्या खाद्याचा एक चौकोनी तुकडा घालत असाल तर दोन्ही बाजूंनी उजेड असलेली १२ चौरस इंच जाळी, असा रूढ हिशेब आहे. माझे खाद्य रोज दोन तुकड्यांइतके आहे, म्हणून २४ चौरस इंच. मोठी जाळी म्हणजे मोठा फायदा असे समजून मी प्रथम ८ × ८ ची लावली होती. तिच्यावर सगळीकडे विरळ वाढ आली, पंप पुरला नाही आणि अर्धी जाळी कायम कोरडी राहिली.

मुंबईच्या हवेचे आणि विजेचे प्रश्न

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोलीतले पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. जाळीवरून पाणी पडताना थोडे बाष्पीभवन होऊन ते किंचित थंड होते हे खरे, पण पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने हा फायदा जवळजवळ उरत नाही, आणि समुद्राजवळच्या घरांत तर कोरडी हवा वर्षातून थोडेच दिवस मिळते. म्हणून एलईडीचा हीटसिंक बंद डब्यात कोंडू नये. तो बाहेरच्या बाजूला ठेवून त्यावर लहान पंखा सोडावा, म्हणजे दिव्यांची उष्णता पाण्यात उतरत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी रोज गोड्या आरओ पाण्याने भरावे. खारे पाणी भरल्यास क्षारता चढत जाते.

आता पाचव्या वेळेबद्दल, जी आधीच्या चारांपेक्षा निराळी होती. त्या रात्री वीज गेली नव्हती. पंपाच्या प्लगच्या पिनांवर मिठाच्या हवेने गंज चढला होता आणि संपर्क तुटून पंप थांबला. दिवे मात्र दुसऱ्या सॉकेटवर असल्याने सकाळपर्यंत जळत राहिले. पाणी नाही आणि दोन इंचांवर बारा एलईडी, अशा अवस्थेत जाळी पापडासारखी वाळली. नुसती वीज गेली असती तर दिवेही विझले असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत जाळी काही तास ओली राहिली असती. तेव्हापासून पंप आणि दिव्यांचा टायमर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्याने प्लगचा गंज टळत नाही, म्हणून दर महिन्याला मेन स्विच बंद करून, प्लग काढून, पिना कोरड्या पॉलिश पेपरने साफ करतो.

विजेबाबत हयगय नको. खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते आणि स्क्रबर म्हणजे उडणारे खारे पाणी. टाकीच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा, ड्रायव्हर आणि टायमर पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला टांगावेत, आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये शिरत नाही. जाळी काढण्यापूर्वी दिवे आणि पंप दोन्ही बंद करावेत. पंप थांबल्यावर पाइपमधले आणि जाळीवरचे पाणी सम्पमध्ये उतरते, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी आहे की नाही हे एकदा मुद्दाम पंप बंद करून पाहावे. चाळीत किंवा जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर पाणी गळणे ही साधी गोष्ट नसते.

गोड्या पाण्यात स्क्रबर चालवणाऱ्यांना वरील सगळे लागू आहे, दोन फरक वगळता. तिथले शेवाळ लांब, मऊ आणि कमी चिवट असते, म्हणून ते लवकर सुटते आणि कापणी पाच-सहा दिवसांनीच करावी लागते. दुसरे असे की तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे आपले नळाचे पाणी मृदू असते, आणि मृदू पाण्यात पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) सांभाळून धरण्याची ताकद कमी असते. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पीएच चढतो. स्क्रबरचे दिवे टाकीचे दिवे बंद असताना, म्हणजे मुख्यतः रात्री लावले तर हा चढउतार बराच कमी होतो. खाऱ्या पाण्यातही मी तसेच करतो.

सुटलेल्या शेवाळाने पाणी पिवळे झालेच, तर सम्पमधले सगळे तंतू काढून, ताजा सक्रिय कोळसा जाळीच्या पिशवीत घालून प्रवाहात ठेवावा आणि पाव हिस्सा पाणी बदलावे. माझ्याकडे तीन दिवसांत रंग जातो. त्या काळात खाद्य निम्मे करावे आणि प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) असेल तर तो बंद करू नये. स्क्रबर लावला म्हणून पहिल्याच महिन्यात स्किमर काढून टाकणे घाईचे ठरते.

हे सर्व केल्यावर अखेर जाळीकडे वळलो. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा प्लास्टिक कॅनव्हास जसाच्या तसा गुळगुळीत असतो. पहिल्यांदा मी त्यावर पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवून सोडला होता. नवी जाळी लाकडी पाटावर दाबून धरून, गोल करवतीच्या जुन्या पात्याच्या दातांनी दोन्ही बाजूंनी, उभी आणि आडवी, इतकी ओरबाडली की हात फिरवल्यावर निवडुंगासारखी लागावी. जुनीवरून खरवडलेले थोडे शेवाळ तिच्यावर चोळले आणि दिवे नऊ तासांवर आणले. दुसऱ्या आठवड्यात तपकिरी झाक आली, चौथ्यात हिरवे तंतू, आणि त्यानंतरच्या सोळा रविवारांत सम्पमध्ये एकदाही लगदा दिसलेला नाही. अकराव्या दिवसाचे मोजमाप आता उरले नाही, म्हणून डबा आणि घड्याळ मी दर शनिवारी रात्री, कापणीच्या आदल्या दिवशी, वापरतो. गेल्या शनिवारी ५ लिटरला ३७ सेकंद लागले. ४५ च्या वर गेले तर पिंजरा आणि चीर उघडून पाहायची, एवढे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.